टायफॉइडवरचं भरवशाचं इंजेक्शन फेल गेलं तेव्हा: सिंधमधल्या हैदराबादचं प्रकरण

पार्श्वभूमी

आधीच सांगतो, हे हैदराबाद म्हणजे चारमिनारवालं नाही. पाकिस्तानच्या सिंध प्रांतातलं, सिंधू नदीच्या काठचं, कराचीपासून दीडेकशे किलोमीटरवरचं शहर. २०१६ च्या नोव्हेंबरपासून तिथे टायफॉइडची एक साथ सुरू झाली आणि पुढची तीन वर्षं त्या साथीने जे काही दाखवलं ते आपल्यासारख्या देशातल्या प्रत्येकाने नीट बघावं असं आहे, कारण तिथलं पाणी, तिथले दवाखाने, तिथलं ताप आला की मेडिकलमधून गोळ्या आणणं, सगळं आपल्याला ओळखीचं वाटेल. कुठल्याही रुग्णाची किंवा डॉक्टरची ओळख इथे दिलेली नाही, आकडे आहेत ते सगळे जाहीर झालेले.

टायफॉइडचा जंतू म्हणजे साल्मोनेला टायफी. हा फक्त माणसातच राहतो. गाय नाही, कोंबडी नाही, उंदीर नाही, फक्त माणूस. माणसाच्या शरीरात राहायची त्याला इतकी सवय झालीय की त्याचे दोनशेच्या आसपास जीन कामातून गेलेत, त्याच्या जातभाईंना जे वेगवेगळ्या प्राण्यांत जगायला लागतात ते याला लागतच नाहीत. काही लोक बरे झाल्यावरही पित्ताशयात जंतू बाळगून असतात आणि महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं विष्ठेतून बाहेर टाकत राहतात. विष्ठा पाण्यात, पाणी तोंडात, झालं. बाकी त्याला काही लागत नाही.

आता औषधांचा इतिहास थोडा बघू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९४८ मधे क्लोरॅम्फेनिकॉल टायफॉइडवर चालतं हे कळलं आणि तोपर्यंत दहा-पंधरा टक्के रुग्णांचा जीव घेणारा आजार एकदम आटोक्यात आला. १९७२ मधे मेक्सिकोत आणि त्याच वर्षी केरळात कालिकतला क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणारा टायफॉइड सापडला. मग अँपिसिलिन आणि को-ट्रायमॉक्साझोल वापरलं, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिन्ही औषधांना एकदम पुरून उरणारे जंतू आले. मग सिप्रोफ्लॉक्सासिन, स्वस्त, तोंडाने घ्यायचं, सगळे खूश. नव्वदच्या दशकातच त्यालाही ओहोटी लागली आणि आज दक्षिण आशियात टायफॉइडला सिप्रो देणं म्हणजे जवळपास वेळ घालवणंच. मग उरलं सेफ्ट्रियाक्सोन, शिरेतून द्यायचं इंजेक्शन, आणि त्याच घराण्यातलं तोंडाने घ्यायचं सेफिक्झिम. २०१६ पर्यंत पाकिस्तानात काय आणि आपल्याकडे काय, भरवसा होता तो यांच्यावर.

काय दिसलं

हैदराबादमधल्या काही मुलांचा ताप सेफ्ट्रियाक्सोन चालू असून उतरेना. यातली गोम अशी की टायफॉइडमधे योग्य औषध चालू असलं तरी ताप उतरायला पाच-सहा-सात दिवस लागतातच, म्हणजे चौथ्या दिवशी ताप आहे म्हणून डॉक्टर घाबरत नाही, घाबरायचं कारणही नसतं. त्यामुळे औषध फेल गेलंय की अजून काम करतंय हे नुसतं रुग्णाकडे बघून कळत नाही. कळतं ते ब्लड कल्चरवरून, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून त्याच्यावर एकेक औषध लावून बघितलं तरच. आणि कल्चर तरी कुठे शंभर टक्के, टायफॉइड असलेल्या दहा जणांत साधारण पाच-सहा जणांचंच पॉझिटिव्ह येतं.

आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहितीय. ताप आला, विडाल केली, 'थोडी पॉझिटिव्ह' आली, इंजेक्शनं सुरू. विडाल टेस्ट जंतू दाखवत नाही, रेझिस्टन्स, म्हणजे जंतू औषधाला दाद देत नाही हे, तर अजिबातच नाही, जुन्या इन्फेक्शननेही ती पॉझिटिव्ह येते. नुसत्या विडालवर ही साथ पकडली गेली असती का? मला तरी वाटतं नसती गेली, निदान इतक्या लवकर नक्कीच नाही.

सुदैवाने कराचीच्या आगा खान विद्यापीठाच्या लॅबचं जाळं हैदराबादपर्यंत पोचलेलं होतं आणि तिथे येणाऱ्या ब्लड कल्चरमधे सेफ्ट्रियाक्सोनला दाद न देणारे टायफी एकामागून एक दिसायला लागले. याआधी असे जंतू जगात इकडेतिकडे एखाददुसरे सापडले होते, पण एका शहरात इतके एकत्र कुणी बघितले नव्हते. २०१७ संपेपर्यंत एकट्या हैदराबादमधे असे ४८६ रुग्ण नोंदले गेले, बहुतेक पंधरा वर्षांखालची मुलं. नकाशावर टाकल्यावर लतिफाबाद आणि कासिमाबाद या दोन भागांत गर्दी दिसली. संशय साहजिकच पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळण्यावर गेला.

जंतूने हे जमवलं कसं

हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो, म्हणून जरा सावकाश लिहितो.

दक्षिण आशियात १९८० च्या दशकापासून टायफीचं एच५८ नावाचं घराणं पसरलेलं होतं. याने तीन जुनी औषधं हरवणारे जीन आधीच गोळा केलेले होते. सुरुवातीला हे जीन प्लाझ्मिडवर असायचे, म्हणजे जंतूच्या मुख्य क्रोमोसोमपासून वेगळा असा डीएनएचा एक छोटा गोल तुकडा, जो एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. प्लाझ्मिड बाळगणं जंतूला फुकट पडत नाही, प्रत्येक वेळी दोन होताना त्याचीही कॉपी काढावी लागते, म्हणजे औषध समोर नसेल तर ते ओझंच. पण एच५८ च्या काही शाखांमधे हे तिन्ही औषधांचे जीन प्लाझ्मिडवरून उडी मारून थेट क्रोमोसोममधे जाऊन बसले. आता ते कायमचे घरचे झाले, टाकून देता येणार नाहीत आणि बाळगायला फार खर्चही नाही. शिवाय प्लाझ्मिडची जागा मोकळी झाली!

त्यात सिप्रोला चकवणारा बदल वेगळा, तो उसना आणलेला नाही, जंतूच्या स्वतःच्या जायर-ए नावाच्या जीनमधे एक अक्षर बदललं की झालं. हे बदल चुकून होत असतात, रोज होत असतात, कोट्यवधी जंतूंमधे एखाद्यात होतात आणि एरवी त्यांना काही किंमत नसते. सिप्रो समोर आलं की मात्र तोच एखादा उरतो आणि बाकीचे जातात. रुग्ण अर्धवट गोळ्या घेऊन बरं वाटलं म्हणून थांबतो तेव्हा आत ही निवड अशी चाललेली असते.

मग आली शेवटची पायरी. हैदराबादच्या साथीतले शंभर नमुने इंग्लंडमधल्या सँगर इन्स्टिट्यूटबरोबर सिक्वेन्स केले गेले, म्हणजे त्यांचा पूर्ण डीएनए वाचला गेला. त्यात दिसलं की रेझिस्टंट जंतू सगळे एकमेकांचे अगदी जवळचे नातलग आहेत, म्हणजे हा जंतू दहा ठिकाणी वेगवेगळा तयार झालेला नाही, एकदाच तयार झाला आणि पसरला. आणि त्या सगळ्यांकडे एक नवीन प्लाझ्मिड होतं, त्यावर सेफ्ट्रियाक्सोन फोडून टाकणारा सीटीएक्स-एम-१५ नावाचा जीन आणि सिप्रोविरुद्ध मदत करणारा आणखी एक जीन. या प्लाझ्मिडसारखं प्लाझ्मिड आधी कुठे दिसलेलं? ई. कोलायमधे. आपल्या आतड्यात नेहमी असणारा, बहुतेक वेळा काही त्रास न देणारा ई. कोलाय.

म्हणजे झालं असं की कुणाच्या तरी आतड्यात, किंवा एखाद्या नाल्यात, ई. कोलाय आणि टायफी शेजारी शेजारी होते आणि परीक्षेत मागच्या बाकावरून कॉपीची चिठ्ठी पुढे सरकावी तसं ते प्लाझ्मिड पुढे सरकलं. ई. कोलायने ते कधी मिळवलं असेल? कुणालातरी कशासाठीतरी सेफ्ट्रियाक्सोन किंवा सेफिक्झिम दिलं होतं तेव्हा, लघवीच्या इन्फेक्शनला असेल, सर्दीतापाला असेल, ऑपरेशननंतर असेल. त्या माणसाला टायफॉइड होताच असं काही नाही. औषध ज्या जंतूसाठी दिलं त्याच्यावर जेवढा परिणाम होतो तेवढाच, कधी जास्त, आतड्यातल्या बाकीच्या हजारो जंतूंवर होतो आणि रेझिस्टन्स तिथे साठत राहतो. टायफॉइडचा रेझिस्टन्स फक्त टायफॉइडच्या औषधोपचारातून येतो असं धरून चाललं की हे निसटतं.

अशा जंतूला एक्सडीआर (एक्स्टेन्सिव्हली ड्रग-रेझिस्टंट, म्हणजे बहुतेक औषधांना दाद न देणारा) टायफी हे नाव पडलं. क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, को-ट्रायमॉक्साझोल, सिप्रो आणि सेफ्ट्रियाक्सोन, पाचही बाद. हाताशी उरलं तोंडाने घ्यायचं अझिथ्रोमायसिन आणि शिरेतून द्यायचं मेरोपेनेमसारखं महाग राखीव औषध.

पहिला निर्णय: ताप आलेल्या मुलाला द्यायचं काय

कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस, जंतूवर कुठलं औषध चालेल ते कळायला आणखी एखादा दिवस. तोपर्यंत मूल समोर तापाने फणफणलेलं आणि आईवडील विचारतायत काय करायचं. पर्याय असे होते.

सेफ्ट्रियाक्सोनच चालू ठेवायचं आणि रिपोर्टवर बदलायचं: साथीच्या सुरुवातीला हे चाललंही असतं, कारण सगळेच टायफॉइड एक्सडीआर नव्हते. पण जसजसा एक्सडीआरचा वाटा वाढला तसं याला अर्थ उरला नाही. डोस वाढवून भागेल असंही नाही, तो जीन औषध फोडतोच, जास्त टाकलं तर जास्त फोडतो.

अझिथ्रो सगळ्यांना द्यायचं: स्वस्त, गोळी किंवा सिरप, घरी बसून घेता येतं, आणि हे औषध पेशींच्या आत चांगलं साठतं, टायफीही पेशींच्या आतच लपून राहतो, म्हणून टायफॉइडला बरं. धोका उघड आहे, शेवटची गोळी आहे ही, ती सरसकट वापरली की तिलाही तेच होणार.

मेरोपेनेम: काम नक्की करतं, पण ॲडमिट करावं लागतं, आणि हेच औषध आयसीयूतल्या इतर भयानक इन्फेक्शनसाठी राखून ठेवलेलं असतं.

दोन्ही एकदम: घाबरलेल्या डॉक्टरचा पर्याय, आणि घाबरण्यात चूक नाही.

प्रत्यक्षात साध्या रुग्णांना अझिथ्रो आणि गंभीर रुग्णांना मेरोपेनेम, अशी पद्धत ठरत गेली. नंतर कराचीत ८१ रुग्णांचे जुने रेकॉर्ड तपासले तर नुसतं अझिथ्रो, नुसतं मेरोपेनेम आणि दोन्ही मिळून, तिन्ही गटांत ताप उतरायला साधारण सात दिवसच लागले, फारसा फरक नाही. खर्चात मात्र फरक: अझिथ्रोचा दिवसाचा खर्च सहा डॉलरच्या आत, मेरोपेनेमचा ८८ डॉलरच्या वर. म्हणजे पंधरापट. अर्थात हा रेकॉर्डवरचा अभ्यास, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नाही, आणि जास्त आजारी मुलांना मेरोपेनेम मिळालं असणारच, तरीपण जिथे मूल खातंय-पितंय, उलट्या नाहीत, तिथे नुसत्या अझिथ्रोवर थांबायला डॉक्टरला हिंमत देईल इतपत तो नक्की आहे.

दुसरा निर्णय: पाणी

सगळ्यांना माहीत होतं की मूळ पाण्यात आहे. पाण्याची आणि गटाराची लाइन शेजारून जाते, पाणी दिवसातून थोडाच वेळ सोडतात, मधल्या वेळात पाइप रिकामा असतो, त्यात दाब नसतो आणि जिथे फट असेल तिथून बाहेरचं घाण पाणी आत खेचलं जातं. पाणी आल्यावर पहिली पाच मिनिटं गढूळ येतं ते त्याचंच. हे वर्णन मराठवाड्यातल्या किंवा मुंबईच्या उपनगरातल्या कितीतरी वस्त्यांना जसंच्या तसं लागू पडेल.

पर्याय दोन. अख्खी पाइपलाइन बदलणं, ज्याला वर्षं लागतात, पैसा लागतो आणि रस्ते खणावे लागतात. किंवा आत्ता लगेच क्लोरीनच्या गोळ्या, उकळून प्या, हात धुवा. दुसरा केला गेला. पहिला... शहराच्या पाण्याचं काम साथीच्या वेगाने होत नाही, हे खरंय. पण उकळून प्यायला गॅस लागतो, वेळ लागतो, आणि घरात पाणी उकळलं तरी शाळेबाहेरचा बर्फाचा गोळा आणि गाडीवरचं सरबत कुणी उकळत नाही. लोकांना सूचना देऊन प्रशासनाने काम केल्याचं समाधान मिळवणं हा प्रकार जगात सगळीकडे सारखाच दिसतो.

तिसरा निर्णय: लस द्यायची का, आणि कधी

इथे प्रकरण खरं अवघड होतं.

टायफॉइडची जुनी लस होती, पण ती दोन वर्षांखालच्या मुलांवर चालत नाही आणि तिचा परिणाम दोन-तीन वर्षांत ओसरतो. नवीन आलेली होती टायफॉइड कॉन्जुगेट लस, ज्यात जंतूच्या बाहेरच्या व्हीआय नावाच्या साखरेच्या आवरणाला धनुर्वाताच्या टॉक्सॉइडशी जोडलेलं असतं, त्यामुळे लहान बाळांचं शरीरही तिला प्रतिसाद देतं, एकच डोस पुरतो. बनवणारी कंपनी दुसऱ्या हैदराबादची, आपल्या, भारत बायोटेक. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने २०१७ च्या ऑक्टोबरमधे तिची शिफारस केली आणि त्या वर्षाच्या अखेरीस लसीला संघटनेची मान्यता मिळाली.

पण त्या घडीला हाती असलेला पुरावा काय होता? ऑक्सफर्डमधे तरुण धडधाकट स्वयंसेवकांना लस देऊन मग मुद्दाम टायफॉइडचे जंतू पाजून केलेला एक प्रयोग, आणि मुलांच्या रक्तात अँटिबॉडी चांगल्या तयार होतात हे दाखवणारे अभ्यास. खऱ्या वस्तीत, खऱ्या गटाराजवळ राहणाऱ्या मुलांमधे लस किती चालते याचा आकडा नव्हता. नेपाळमधल्या मोठ्या चाचणीचा ८१ टक्क्यांहून जास्तचा आकडा आला तो २०१९ च्या डिसेंबरमधे. म्हणजे थांबायचं तर दोन वर्षं थांबावं लागलं असतं.

थांबणाऱ्यांची बाजू अशी मांडता येईल: साथ चालू असताना लस दिली तर तोवर अनेकांना इन्फेक्शन होऊन गेलेलं असतं, लसीचा साठा मर्यादित आहे, आणि लस दिली की पाण्याचं काम मागे पडतं. शेवटचा मुद्दा मला सगळ्यात खरा वाटतो. देणाऱ्यांची बाजू: औषधं संपत आलीयत, ही लस सुरक्षित असल्याचं माहीत आहे, आणि लसीला जंतूचा रेझिस्टन्स कळत नाही. जंतूकडे सीटीएक्स-एम असो नसो, वर आवरण तेच.

हैदराबादने द्यायचं ठरवलं. आगा खान विद्यापीठाच्या टीमसोबत २०१८ मधे लतिफाबाद आणि कासिमाबाद या दोन भागांत सहा महिने ते दहा वर्षं वयाच्या दोन लाखांहून जास्त मुलांना लस दिली गेली. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता आणि तो पुरावा पूर्ण येण्याआधी घेतला म्हणूनच बरोबर होता. फक्त दोनच भाग निवडले याबद्दल पुढे बोलतो.

परिणाम

लस मिळालेल्या भागातल्या तेवीस हजारांवर मुलांवर नंतर लक्ष ठेवलं गेलं, त्यात एक्सडीआर टायफॉइडपासून लसीने जवळपास ९७ टक्के संरक्षण दिल्याचं निघालं. कल्चर न करता नुसत्या लक्षणांवरून 'टायफॉइड असावा' असं म्हटलेल्यांमधे मात्र हाच आकडा ५५ टक्क्यांवर येतो, कारण त्यातले अनेक टायफॉइडचे नसतातच, डेंग्यू असतो, मलेरिया असतो, साधा व्हायरल असतो. पुन्हा तेच, कल्चर नसेल तर लस चालते की नाही हेही धड कळत नाही.

पण जंतू थांबला नाही. २०१६ च्या नोव्हेंबरपासून २०१८ च्या डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत सिंधमधे टायफॉइडचे ८,१८८ रुग्ण नोंदले गेले, त्यातले ५,२७४ एक्सडीआर, आणि त्या ५,२७४ पैकी ६९ टक्के कराचीचे. हैदराबाद २७ टक्क्यांवर. साथ जिथे सुरू झाली तिथून दीडेकशे किलोमीटरवरच्या अवाढव्य शहरात ती दोन वर्षांत मोठी झाली होती, आणि लसीकरण चालू होतं हैदराबादच्या दोन भागांत.

२०१९ च्या नोव्हेंबरमधे मग सिंधच्या शहरी भागात नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सुमारे एक कोटी मुलांसाठी मोहीम झाली आणि पाकिस्तान ही लस नियमित लसीकरणात घेणारा जगातला पहिला देश ठरला. एव्हाना हा जंतू प्रवाशांबरोबर ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात पोचला होता. अमेरिकेने २०२१ च्या फेब्रुवारीत डॉक्टरांना इशारा दिला तेव्हा तिथल्या रुग्णांपैकी नऊ जण देशाबाहेर गेलेच नव्हते.

आणि अझिथ्रो? बांगलादेशात अझिथ्रोला दाद न देणारा टायफी २०१९ मधे रिपोर्ट झाला, त्याला कुठलं प्लाझ्मिड वगैरे लागलंच नाही, एसीआर-बी नावाच्या पंपाच्या जीनमधे एका जागी बदल, बास. पुढे पाकिस्तानातही असे नमुने मिळाले. त्यात २०२० मधे कोविडला अझिथ्रो किती वाटलं गेलं हे आठवून बघा, आपल्याकडे तर कितीतरी किटमधे ती गोळी होती.

वेगळं काय करता आलं असतं

कराची. हाच सगळ्यात मोठा मुद्दा. सिक्वेन्सिंगने दाखवलं होतं की हे एकच घराणं आहे आणि पसरतंय. दोन शहरांत रोज हजारो लोक ये-जा करतात. लसीचा साठा कमी होता हे मान्य, पण जे काही होतं त्यातलं काही कराचीच्या ज्या वस्त्यांमधे पहिले एक्सडीआर रुग्ण दिसले तिथे २०१८ मधेच वापरलं असतं तर? नक्की काय झालं असतं सांगता येत नाही, पण साथीचा नकाशा जंतूच्या प्रवासावरून काढायचा असतो, पहिला रुग्ण कुठल्या शहरात सापडला त्यावरून नाही.

दुसरं, सांडपाणी. प्रत्येक रुग्णाचं कल्चर होणं शक्य नाही, पण गटाराचं पाणी तपासून कुठल्या भागात जंतू फिरतोय हे कळू शकतं, पोलिओसाठी पाकिस्तानात ही व्यवस्था आधीपासून होतीच. टायफी सांडपाण्यात शोधणं पोलिओइतकं सरळ नाही हे खरं, पण त्या दिशेने आधी सुरुवात व्हायला हरकत नव्हती.

तिसरं, लसीकरणाच्या पैशासोबत पाण्याच्या पैशाची अट. लस देणाऱ्या संस्था वेगळ्या, पाइप टाकणारे वेगळे, दोघांच्या फायली कधी भेटत नाहीत. लसीने काही वर्षं मिळतात, त्या वर्षांत पाण्याचं काय करणार हे लिहून घेतलं असतं तर निदान विचारायला काहीतरी हाती राहिलं असतं. कारण व्हीआय आवरण नसलेले टायफी क्वचित का होईना सापडलेले आहेत, आणि टायफॉइडसारखाच ताप आणणाऱ्या पॅराटायफॉइड ए या जंतूला तर ते आवरण मुळात नसतंच, ही लस त्याला लागूच नाही. स्वच्छ पाण्यातून मात्र यातला कुणीच येत नाही.

मुंबई आणि नवी मुंबई

हे वाचून 'तिकडचं आहे' असं वाटत असेल तर थांबा. मुंबईतल्या टायफीच्या नमुन्यांमधेही सेफ्ट्रियाक्सोनच्या गटाला दाद न देणारे जंतू सापडलेत आणि ते फिरत राहिलेत, २०२२ मधे याचा अभ्यास छापून आला. गंमत म्हणजे हे पाकिस्तानातून आलेले नाहीत. घराणं एच५८ च, पण शाखा वेगळी, प्लाझ्मिड वेगळं आणि त्यावरचा जीनही वेगळा, एसएचव्ही-१२. म्हणजे तोच प्रश्न दोन शहरांतल्या जंतूंनी स्वतंत्रपणे सोडवलाय, वेगवेगळ्या ठिकाणाहून चिठ्ठी मिळवून. त्यामुळे सीमेवर, विमानतळावर लक्ष ठेवून भागणार नाही, जंतूंवर औषधांचा दाब सगळीकडे सारखा असेल तर उत्तरही सगळीकडे निघणार.

फरक एक आहे आणि तो आपल्या बाजूचा. भारतात क्लोरॅम्फेनिकॉल आणि को-ट्रायमॉक्साझोल वर्षानुवर्षं टायफॉइडला फारसं कुणी देत नाही, त्यामुळे त्यांचा रेझिस्टन्स असलेले जंतू मागे पडले आणि आज बहुतेक भारतीय नमुन्यांवर ही जुनी औषधं पुन्हा चालतात. मुंबईच्या त्या शाखेने सेफ्ट्रियाक्सोनला हरवलं असलं तरी ती सिंधच्या जंतूसारखी पाचही औषधं हरवून बसलेली नाही. अर्थात उद्यापासून सगळ्यांना को-ट्रायमॉक्साझोल सुरू करा असा याचा अर्थ नाही, तसं केलं तर दहा वर्षांत परत तिथेच. कल्चर करून, रिपोर्ट बघून, ज्याला चालेल त्याला द्यावं इतकंच.

लसीचंही बघा. पाकिस्तानच्या मोठ्या मोहिमेच्या आधी, २०१८ च्या जुलै-ऑगस्टमधे, नवी मुंबई महापालिकेने हीच लस दिली होती. भारतातली सरकारी यंत्रणेने केलेली ती पहिली टायफॉइड लसीकरण मोहीम, नऊ महिने ते चौदा वर्षांच्या १,१३,४२० मुलांना, शहराच्या बावीसपैकी अकरा आरोग्य केंद्रांच्या भागांत. बाकीचे अकरा भाग नंतरच्या टप्प्यासाठी ठेवले, त्यामुळे आपोआप तुलना करता आली, आणि लस मिळालेल्या भागांतल्या मुलांमधे कल्चरने सिद्ध झालेला टायफॉइड निम्म्याहून जास्त कमी दिसला. तेव्हा नवी मुंबईत कुठली एक्सडीआर साथ नव्हती, आणीबाणी नव्हती. टायफॉइड नेहमीचाच होता, आणि कुणीतरी ठरवलं की नेहमीचा आहे म्हणून सोडून द्यायचा नाही.

महाराष्ट्रातल्या बाकीच्या महापालिकांपुढे आज जवळपास तोच निर्णय आहे जो हैदराबादपुढे २०१७ च्या शेवटी होता, फक्त हाताशी पुरावा कितीतरी जास्त आहे आणि वेळही अजून आहे. पहिलं काम लस विकत घेणं नसून, माझ्या मते, प्रत्येक महापालिका रुग्णालयात तापाच्या मुलाचं ब्लड कल्चर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी घेतलं जाईल आणि रिपोर्ट एका ठिकाणी जमा होतील एवढं बघणं. सेफिक्झिमचं सिरप दोन दिवस पाजून मग मूल ॲडमिट केलं की कल्चरमधे जंतू उगवायची शक्यता घटते, आणि आपल्याकडे बहुतेक मुलं येतात ती तशीच.